पावशेर

मार्केट यार्डात, कांद्याच्या रिकाम्या गोणीत
सापडली होती ती. बाबा तेव्हा आडतीवर दिवाणजी.
कुणा हमालाने गंमत म्हणून
तिला काट्यावर ठेवलं
आणि पारडं जेमतेम हललं.
"पावशेर," बाबा म्हणाले,
पट्टी लिहिताना म्हणायचे त्याच आवाजात.
शेर मोडीत निघून जमाना झाला होता,
पण बाबांच्या तोंडात किलो कधी नीट बसलाच नाही.

नाव तेच राहिलं.
तिन्हीसांजेला आई गॅलरीतून हाका मारायची,
पावशेर, ए पावशेर, ये गं आता,
आणि खालच्या कट्ट्यावरची पोरं ओरडायची,
काकू, आम्हालाही!
आईला त्यातली गोम कळायला दोन वर्षं लागली.
मग ती आणखी मोठ्याने हाका मारू लागली.

अठरा वर्षं ती आम्हाला आडवी गेली.
मी दहावीच्या पेपरला निघताना,
दादाच्या मुलाखतीच्या सकाळी,
मालूआत्याच्या ऑपरेशनच्या दिवशी, बाबांच्या हातात डबा असताना,
थेट पायांतून, शेपूट उभी.
दादा एकदा नापास झाला, तो अभ्यास न केल्यामुळे.
बाकी आमची सगळी कामं होत गेली.

आता ती आडवी जात नाही.
फ्रीजमागच्या उबेत पडून असते.
किडन्या, म्हणाल्या डॉक्टर नगरकरबाई.
तेव्हापासून पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली,
मानेच्या सैल कातडीखाली सुई,
आणि वीस-वीस मिनिटं तिच्या पाठीवर
बाबांचा हात.
तो हात आमच्या पाठीवर कधी इतका वेळ राहिल्याचं
मला तरी आठवत नाही. तक्रार नाही. नुसतं आठवत नाही.

दर रविवारी ते तिला परातीत बसवून तोलायचे,
लाल वहीत लिहायचे:
चार दोनशे.
तीन सहाशे.
दोन नऊशे.
वजा परात.

गुरुवारी पाणी बंद, म्हणून बादल्या भरलेल्या.
एका बादलीशी ती येऊन बसली
आणि कडेकडे नुसती बघत राहिली,
उंच भिंतीकडे बघावं तशी.
आईने ओंजळ पुढे केली. ती दोनदा जीभ लावून थांबली.
बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "उद्या नेऊ."
पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

त्या रात्री आईने सुकट भाजली.
जिन्यात वास गेला. समोरच्या खैऱ्यांनी खिडकी लावून घेतली.
पावशेरने एक तुकडा हुंगला, एकदाच चाटला,
पाहुण्याकडे पोट भरलेलं असताना आपण घेतो तसा घास.
"नाही खाल्लं तर राहू दे," आई म्हणाली,
"वास तरी जाऊ दे तिच्याबरोबर."
दादाने फोनवरून तोंड दाखवलं.
तिने मान फिरवली. त्याचं नि तिचं
शेवटपर्यंत तसंच राहिलं, आणि तो हसता हसता
कॅमेऱ्यातून बाजूला झाला.

दवाखान्यातलं टेबल म्हणजेच काटा.
हिरवे आकडे: एक नऊशे चाळीस.
"वजा टॉवेल," बाबा हळूच म्हणाले.
बाईंनी टॉवेलचे साठ ग्रॅम खरंच वजा केले.

मी तिच्या कानामागे बोट ठेवून होते.
तिथे एक जागा आहे, तिथे केस नेहमी बाळाचेच राहिले.

सगळं झालं,
तरी काट्यावरचा आकडा तोच होता.
बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले,
उभी हयात हिशेब जुळवलेल्या माणसाला
पहिल्यांदाच काही जुळेना असं.

परत येताना सातारा रोडला रिक्षा केली.
बाबांच्या मांडीवर टोपली, वर आईचं जुनं पातळ.
सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून विचारलं,
"काय नेताय काका एवढं जपून?"
"पावशेर."
तो हसला. "कसली? देशी?"
मग त्याने आरशात पुन्हा पाहिलं.

आणि बिबवेवाडीपर्यंत
एकही खड्डा
लागू दिला नाही.